जुन्या लेन्सची अंतरपट्टी आणि मंडईतली भोगी: प्रकल्प नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार

भोगीच्या आदल्या दिवशी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत भाजीसाठी जी झुंबड उडते, तिची छायाचित्रे यंदा काढायची आणि ती सगळीच्या सगळी हाताने फोकस करून काढायची, असे ठरवले आहे. भोगी १३ जानेवारीला आहे, म्हणजे हाताशी सहा आठवडे आहेत. गेल्या वर्षी ऑटोफोकसवर विसंबून काढलेल्या छायाचित्रांपैकी बरीचशी वाया गेली. त्यात कॅमेऱ्याचा दोष म्हणावा असे काही नव्हते. मंडईत विक्रेता आणि आपण यांच्या मध्ये तागडीच्या साखळ्या, टांगलेल्या पिशव्या, पुढे झुकलेले गिऱ्हाईक असे इतके काही येत असते की कॅमेरा दर वेळी जवळची वस्तू पकडतो, आणि आपण फोकसचा चौकोन सरकवून चेहऱ्यावर नेईपर्यंत भाव ठरून व्यवहार उरकलेला असतो.

यावरचा उपाय फिल्मच्या काळातला आहे. फोकस आधीच एका ठरावीक अंतरावर लावून ठेवायचा आणि माणूस त्या अंतरात आला की बटण दाबायचे. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायका कॅमेऱ्यात अंतर मोजण्याची सोय नव्हती. ते नजरेने अजमावून किंवा वेगळ्या अंतरमापकाने मोजून लेन्सवरच्या आकड्यांवर लावावे लागे. फोकसच्या कड्याशी जोडलेला अंतरमापक त्या कॅमेऱ्यांत १९३२ साली आला. लेन्सवर कोरलेल्या त्या आकड्यांना या नोंदींत मी ‘अंतरपट्टी’ म्हणणार आहे.

माझ्याकडची लेन्स मामांची आहे: २८ मिमी, एफ/२.८ (हे छिद्राचे माप; आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), निकॉन एफ माउंटची, म्हणजे निकॉनच्या कॅमेऱ्यावर बसणाऱ्या जोडाची, पण दुसऱ्या एका जपानी कंपनीने बनवलेली. तिच्यावर ०.३ मीटरपासून ५ मीटरपर्यंत आकडे आणि शेवटी अनंताची, आडव्या आठसारखी खूण आहे. माझा कॅमेरा फुजीफिल्मचा, एक्स माउंटचा, एपीएस-सी (फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान) सेन्सरचा आहे आणि दोघांच्या मध्ये एक स्वस्त अडॅप्टर, म्हणजे एका जोडाची लेन्स दुसऱ्या जोडाच्या कॅमेऱ्यावर बसवणारे कडे आहे. नव्या पद्धतीच्या पुष्कळ लेन्समध्ये कडे फिरवले की आतली मोटर लेन्स हलवते आणि अंतर फक्त पडद्यावर दिसते; मला मात्र जिथे ठेवले तिथेच राहणारे आणि कॅमेरा बंद असतानाही वाचता येणारे धातूचे कडे हवे आहे.

आज सहज म्हणून कडे ३ वर ठेवले, टेपने ३ मीटर मोजून सोसायटीच्या फाटकाशी भावाला उभे केले आणि एफ/२.८ वर छायाचित्र काढले. भावाचा चेहरा मऊ आला आणि त्याच्या मागच्या भिंतीवरची पाटी अक्षर न अक्षर वाचता आली. तेव्हा सुरुवात मंडईपासून नव्हे, पट्टीच्या तपासणीपासून करावी लागणार.

७ डिसेंबर, शनिवार

इमारतीच्या पार्किंगमध्ये १२ मीटर मोकळी लांबी मिळते. रविवारी सगळ्या गाड्या घरी असतात, म्हणून तपासणी आजच केली. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवला आणि एका फळीवर वर्तमानपत्राचे लहान जाहिरातींचे पान ताणून चिकटवले. अंतर लेन्सच्या पुढच्या काचेपासून मोजायचे नसते, हे आधी मलाही नीट ठाऊक नव्हते. पट्टीवरचे अंतर सेन्सरच्या पातळीपासून धरलेले असते आणि ती पातळी दाखवण्यासाठी पुष्कळ कॅमेऱ्यांच्या माथ्यावर वर्तुळातून आरपार गेलेल्या रेघेची खूण असते. अर्ध्या मीटरवर हा फरक मोठा पडतो, पाच मीटरवर तो नगण्य असतो. तरी सवय म्हणून सगळी मोजमापे त्या खुणेपासूनच घेतली.

पद्धत अशी ठेवली: फळी मोजलेल्या अंतरावर उभी करायची, छिद्र पूर्ण उघडे म्हणजे एफ/२.८ ठेवायचे, पडद्यावर चित्र मोठे करून अक्षरे सर्वांत धारदार दिसेपर्यंत कडे फिरवायचे आणि मग पट्टी वाचायची. प्रत्येक अंतरावर पाच वाचने घेतली. कडे एकदा जवळच्या बाजूने आणि एकदा अनंताच्या बाजूने आणले, कारण जुन्या लेन्सच्या आट्यांमध्ये थोडा मोकळेपणा असतो आणि एकाच बाजूने आणले तर ती चूक लपून राहते. मामांच्या लेन्समध्ये हा मोकळेपणा जवळजवळ नाही. तिचे वंगण मात्र जड झाले आहे आणि सकाळच्या थंडीत कडे दोन बोटांनी फिरत नाही.

वाचने निराशाजनक, पण एका दिशेची आली. फळी १ मीटरवर असताना पट्टी सुमारे ०.९ दाखवते. २ मीटरला १.६, ३ मीटरला २.२ आणि ५ मीटरला ३ च्या किंचित पुढे. चूक विखुरलेली नाही. प्रत्येक ठिकाणी पट्टी खऱ्यापेक्षा कमी अंतर दाखवते आणि जसजसे दूर जावे तसतशी ती अधिकाधिक मागे पडते.

अनंत तपासायला रात्री गच्चीवर गेले. योगायोगाने आजच गुरू प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध दिशेला आहे. पूर्वेला रोहिणीजवळ तो इतका तेजस्वी होता की दुसरे काही शोधावे लागले नाही. दिव्यापेक्षा ग्रह बरा, कारण तो किती दूर आहे याचा वाद उरत नाही. गुरूचा ठिपका सर्वांत लहान झाला तेव्हा पट्टीवरची खूण ५ आणि अनंत यांच्या मध्ये होती, माझ्या अंदाजाने ८ मीटरच्या आसपास. त्यापुढे कडे अनंताच्या टोकापर्यंत नेले की ठिपका पुन्हा फुगतो.

८ डिसेंबर, रविवार

आज फक्त कागद आणि पेन्सिल. लेन्स अनंतावर असते तेव्हा ती सेन्सरपासून ठरलेल्या अंतरावर असते आणि जवळची वस्तू पकडण्यासाठी तिला तिथून पुढे सरकावे लागते. साध्या लेन्ससाठी हे सरकणे काढायला शाळेतले सूत्र पुरते: नाभीय अंतराचा (फोकल लेंग्थचा, इथे २८ मिमी) वर्ग भागिले वस्तूच्या अंतरातून नाभीय अंतर वजा करून उरलेली संख्या. २८ चा वर्ग ७८४. म्हणजे ३ मीटरवरची वस्तू पकडायला ही लेन्स अनंताच्या जागेपासून केवळ ०.२६ मिमी पुढे येते आणि ५ मीटरसाठी ०.१६ मिमी. ५ मीटरपासून गुरूपर्यंतचे सगळे विश्व लेन्सच्या त्या ०.१६ मिमी सरकण्यात मावते. पट्टीवर जवळचे आकडे ऐसपैस आणि दूरचे आकडे दाटीवाटीने का असतात, ते यातून आपोआप कळते.

आता कालची वाचने उलटी घालून पाहिली. गुरू ८ मीटरच्या खुणेवर स्पष्ट होतो याचा अर्थ लेन्सला अनंतासाठीसुद्धा ७८४ भागिले सुमारे ७,८००, म्हणजे ०.१ मिमी पुढे यावे लागते आहे. लेन्स सेन्सरच्या ०.१ मिमी जास्त जवळ बसली आहे, असे धरले तर बाकीची वाचने किती यावीत, ते काढले: १ मीटरला ०.८९, २ मीटरला १.६०, ३ मीटरला २.१८, ५ मीटरला ३.०७. पार्किंगमधल्या आकड्यांशी हे इतके जुळते की शंकेला जागा राहत नाही. पट्टी चुकीची कोरलेली नाही. सबंध लेन्सच आत ढकललेली आहे.

०.१ मिमी म्हणजे आपल्या छपाईच्या साध्या कागदाची जाडी. एवढ्या फरकाने काही बिघडू नये असे वाटते, पण लेन्स जितकी रुंद कोनाची तितका हा फरक जास्त बोचतो. हीच चूक ५० मिमी लेन्सवर असती तर वर्ग २,५०० झाला असता, अनंत २५ मीटरच्या खुणेवर आला असता आणि बहुधा ते माझ्या लक्षातही आले नसते.

११ डिसेंबर, बुधवार

दोषी लेन्स की अडॅप्टर, हे ठरवणे बाकी होते. एका स्नेह्यांकडून निकॉन एफ माउंटचा फिल्म कॅमेरा एका संध्याकाळीपुरता आणला. त्याची पाठ उघडून फिल्म जिथे टेकते त्या दोन पट्ट्यांवर बटर पेपर ताणून चिकटवला, शटर ‘बी’वर (बटण दाबलेले असेपर्यंत उघडे राहते त्या खुणेवर) उघडे धरले आणि अंधाऱ्या गच्चीतून दूरच्या टॉवरवरच्या लाल दिव्याची प्रतिमा भिंगातून पाहिली. कडे अनंताच्या टोकाला असताना दिवा धारदार होता आणि तिथून किंचित मागे आणताच पसरू लागला. लेन्स निर्दोष ठरली. मामांची माफी मागितली, मनातल्या मनात.

मग अडॅप्टर मोजला. निकॉन एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिमीवर असते, फुजीच्या एक्स माउंटमध्ये सेन्सरपासून १७.७ मिमीवर. अडॅप्टरने या दोघांमधला फरक भरून काढायचा असतो, म्हणजे तो बरोबर २८.८ मिमी जाड हवा. मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला, तर २८.६९ ते २८.७१ भरला. हा निष्काळजीपणा नसावा. स्वस्त अडॅप्टर मुद्दाम थोडे आखूड ठेवतात, कारण तो चुकून जाड झाला तर लेन्स अनंतापर्यंत पोचतच नाही आणि गिऱ्हाईक वस्तू परत आणून देते. आखूड झाला तर पडद्यावर बघून फोकस करणाऱ्याला काहीच कळत नाही. कळते ते फक्त पट्टी वाचणाऱ्याला, आणि असे वाचणारे आता किती उरलेत!

१४ डिसेंबर, शनिवार

अडॅप्टरची कॅमेऱ्याकडची बैठक चार स्क्रूंवर बसवलेली आहे. ती काढून मध्ये ०.१ मिमीची चकती घातली की काम झाले, असा बेत होता. प्रत्यक्षात सबंध दिवस गेला.

पहिला प्रयत्न कागदाच्या चकतीचा. कागद स्क्रू आवळताना दबतो आणि दर वेळी वेगळा दबतो, त्यामुळे दोनदा बसवले तर दोन वेगळी मापे आली. दुसरा प्रयत्न स्वयंपाकघरातल्या फॉइलचे थर रचण्याचा. तिला सुरकुत्या पडतात आणि एक सुरकुती म्हणजे एक जादा थर. शेवटी कारखान्यांना माल पुरवणाऱ्या एका दुकानातून ०.०५ मिमीचा पितळी शिमचा, म्हणजे यंत्रांतल्या बारीक फटी भरायचा पत्रा आणला. ज्या शहरात आजूबाजूला एवढे कारखाने आहेत, तिथे हे आधी का सुचले नाही कोण जाणे. दुकानदाराने ‘किती किलो?’ असे विचारले आणि ‘दोन चकत्यांपुरता’ हे उत्तर ऐकून कापलेला एक तुकडा तसाच दिला.

पत्र्यातून अंगठीसारख्या दोन चकत्या कात्रीने कापल्या, स्क्रूंची भोके पाडली आणि बसवल्या. माप २८.८४ आले, म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. तरी छायाचित्र काढून पाहिले, तर डावी कड धारदार आणि उजवी कड मऊ. कात्रीने कापताना पत्र्याच्या कडेला धार उभी राहते आणि त्या धारेमुळे अडॅप्टर एका बाजूला उचलला गेला होता. चकत्या सपाट काचेवर ठेवून १,००० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासल्या, पुन्हा बसवल्या आणि स्क्रू समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळले. चारही ठिकाणी २८.७९ आले.

उरलेला ०.०१ मिमी तसाच ठेवला आहे. अॅल्युमिनियम प्रत्येक अंशाला दशलक्षात सुमारे २३ भाग प्रसरण पावते. अडॅप्टर आजच्यापेक्षा २० अंशांनी तापला तर २८.८ मिमीत ०.०१३ मिमीची वाढ होते. लेन्स आणि कॅमेराही आपापल्या परीने फुगतील, तो हिशेब मी केलेला नाही, पण एप्रिलच्या उन्हात अनंत हातचे निसटू नये एवढी जागा असलेली बरी.

१५ डिसेंबर, रविवार

तपासणी पुन्हा, सकाळी सातला, गाड्यांच्या मधल्या गल्लीत. १ आणि २ मीटर खुणेवर. ३ मीटरला २.९, ५ मीटरला ४.७. रात्री गुरू अनंताच्या खुणेच्या केसभर अलीकडे. पट्टीचे काम झाले.

२१ डिसेंबर, शनिवार

आता त्या पट्टीखालच्या जोडरेघा. फोकसच्या मधल्या खुणेच्या दोन्ही बाजूंना ८, १६, २२ अशा रेघा आहेत. एफ/८ वर काढायचे असेल तर दोन्हीकडच्या ८ च्या रेघांसमोर येणारी अंतरे पाहायची, त्यांच्या मधले सगळे स्पष्ट येईल, असा त्यांचा अर्थ. यालाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. या रेघा कोरणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: बिंदूची प्रतिमा फिल्मवर ०.०३ मिमीपर्यंत पसरली तरी पाहणाऱ्याला ती बिंदूच वाटेल. ही प्रथा ३५ मिमी फिल्मची आहे. माझा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान, त्यावरचे चित्र तितकेच जास्त मोठे करावे लागते, म्हणून इथे ०.०२ मिमी धरतात. व्यवहारात याचा सोपा नियम असा निघतो की छिद्र एफ/८ असेल तर लेन्सवरच्या ५.६ च्या रेघा पाहाव्यात, म्हणजे एक पायरी कडक. माझ्या लेन्सवर ५.६ ची रेघ नाही. ती मी बारीक ब्रशने पांढऱ्या रंगाची ओढून घेतली.

०.०२ मिमीने हिशेब केला तर एफ/८ ला या लेन्सचे हायपरफोकल अंतर ४.९ मीटर येते, म्हणजे फोकस तिथे लावला तर सुमारे २.५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे चालण्याजोगे स्पष्ट. ‘हायपरफोकलला लावा आणि विसरून जा’ हा सल्ला सर्रास दिला जातो, पण मंडईत माझ्या कामाचा माणूस दीड ते तीन मीटरवर असतो आणि क्षितिज तिथे कुठेच नाही. त्या सल्ल्याने मी अडीच मीटरच्या आतला चेहरा गमावून पलीकडच्या बोळातल्या बटाट्याच्या पोत्यांची सोय करून ठेवीन. त्याऐवजी फोकस २ मीटरवर लावला तर एफ/८ ला १.४ ते ३.३ मीटरचा पट्टा मिळतो. तो माणसाच्या मापाचा आहे.

हा पट्टा खरा किती, ते पाहण्यासाठी पार्किंगमध्ये दोरी ताणून तिला दर २५ सेंमीवर वर्तमानपत्राचे तुकडे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावले. वॉचमनकाकांनी काही विचारले नाही. ते आता सरावले आहेत. संगणकावर चित्र पूर्ण मोठे करून पाहिले, तर १.५ मीटरवरची अक्षरे स्पष्ट म्हणवत नाहीत. तसे होणारच. माझ्या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००४ मिमीहून थोडा लहान आहे आणि ०.०२ मिमीचा ठिपका पाच पिक्सेल व्यापतो. ०.०१ मिमीचा कडक निकष लावला तर तोच पट्टा १.७ ते २.५ मीटर एवढाच उरतो. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. १२ बाय ८ इंचाच्या छपाईत मला १.५ मीटरवरची अक्षरे चालली, भिंतीएवढ्या छपाईत चालणार नाहीत. रेघेच्या आत सगळे धारदार आणि बाहेर सगळे धूसर अशी तिथे भिंत उभी नसते. धारदार पातळी एकच आणि तिच्या दोन्ही बाजूंना उतार. म्हणून पट्टा मोठा मिळतो म्हणून निष्काळजी न राहता चेहरा २ मीटरच्या जवळपास धरायचा, असे ठरवले.

छिद्र आणखी लहान करून पट्टा वाढवण्याचा मोह होतो, पण एफ/१६ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळेच (लहान छिद्रातून जाताना तो पसरतो त्यामुळे) प्रत्येक बिंदूचा ठिपका ०.०२ मिमीच्या पुढे जातो. मग फोकस कितीही अचूक असो, सगळेच सारखे मऊ. शिवाय मंडईच्या आत तेवढा उजेड नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पट्टी बरोबर, रेघा समजल्या. आता प्रश्न माझ्या डोळ्यांचा. दिवसभर घरात आणि रस्त्यावर अंतरे आधी बोलून मग टेपने मोजली, एकूण वीस. दोन मीटरच्या आसपास माझी चूक २० सेंमीच्या आत राहते, पण पाच मीटरच्या पुढे मी सरसकट कमी सांगते, एकदा तर १.३ मीटरने. सुदैवाने जिथे चूक मोठी, तिथे पट्टाही रुंद असतो.

दुपारी एक गोष्ट हाती लागली, जी मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगाची वाटते. सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि १५.६ मिमी उंच आहे, लेन्स २८ मिमीची. म्हणजे २ मीटरवर कॅमेऱ्याच्या चौकटीत १.६८ मीटर रुंदीचे दृश्य मावते आणि ३ मीटरवर १.६७ मीटर उंचीचे. दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत जी लांबी होते तिला आपल्याकडे वाव म्हणतात. विहिरीची खोली आणि दोर त्याच मापाने मोजत. माझी वाव १.६६ मीटर आहे. तेव्हा आडव्या धरलेल्या चौकटीत कोणाची वाव काठोकाठ बसली तर तो माणूस २ मीटरवर, आणि बेताच्या उंचीचा माणूस डोक्यापासून पावलांपर्यंत काठोकाठ बसला तर तो ३ मीटरवर. अंतरमापक विकत घ्यायला नको, चौकटच अंतरमापक आहे. मंडईत कोणी हात पसरून उभे राहत नाही हे खरे, पण माणसाच्या खांद्यांची रुंदी वावेच्या पाव भागाएवढी धरली तर चौकटीत चार माणसे खांद्याला खांदा लावून मावतील इतके ते अंतर, हे डोळ्याला लवकर कळू लागते.

संध्याकाळी कड्यावर २ च्या आकड्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला एम-सीलची मुगाएवढी गोळी चिकटवली. बोट गोळीला लागले आणि गोळी बरोबर खाली आली की फोकस २ मीटरवर, न बघता.

२९ डिसेंबर, रविवार

मंडईत पहिली फेरी, सकाळी आठ ते साडेनऊ. एफ/८, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ३,२००, शटर १/१२५ सेकंद. एकूण ८४ छायाचित्रे काढली; घरी आल्यावर ३७ फोकसच्या दृष्टीने समाधानकारक वाटली. हे प्रमाण वाईट आहे, पण कारणे तपासली तर पट्टीकडे बोट दाखवता येत नाही. १९ चित्रांमध्ये फोकस ठीक असून हात किंवा तागडी हलल्याने धूसरपणा आला आहे. सुरुवातीला मी त्यांना फोकसच्या चुकांत मोजले होते. मागच्या ओट्याचे दगड धारदार आहेत का, ते पाहिल्यावर दोन्ही वेगळे करता आले. सलग ११ चित्रे मात्र पूर्ण वाया गेली, कारण कॅमेरा पोटावर लोंबत असताना कडे पिशवीला घासून २ वरून १.२ च्या आसपास सरकले होते आणि मी गोळी न चाचपता काढत राहिले.

उरलेल्या १७ चित्रांत माझे अंतरच चुकले होते. मंडईतले विक्रेते उंच ओट्यावर, भाजीच्या राशींच्या मागे बसतात. मी पायाचे अंतर मोजते ओट्याच्या कडेपर्यंत, तर त्यांचा चेहरा राशीच्या मागे आणि वर असतो. आणि गिऱ्हाइकाचा चेहरा मात्र माझ्या कोपराशी. दोघांना एकाच पट्ट्यात आणायचे तर मला बाजूला सरकून दोघांपासून सारख्या अंतरावर उभे राहिले पाहिजे. फोकसचा प्रश्न होता, उत्तर निघाले उभे राहण्याच्या जागेचे.

५ जानेवारी २०२५, रविवार

दुसरी फेरी. शटर १/२५० केले, त्यासाठी आयएसओ ६,४०० चा खरबरीतपणा पत्करला. आतल्या अंधाऱ्या बोळात तेवढ्यानेही भागेना, म्हणून तिथे एफ/५.६ वर आले, पट्टा १.६ ते २.८ मीटर एवढा आक्रसतो. कड्यावरून आतल्या नळीपर्यंत कागदी चिकटपट्टीचा एक छोटा तुकडा लावला, ज्याने कडे आपोआप सरकत नाही पण जोर लावला तर फिरते. ७० पैकी ५२ ठीक.

गवारवाल्या मावशींनी विचारले, ‘ताई, तुम्ही फोटो काढताना डोळा लावत नाही, मग दिसतं कसं?’ मी सांगितले की मी पावले मोजते. त्या म्हणाल्या, मग बरोबर, आम्ही पण पावशेर हातानेच काढतो, काटा नंतर बघायचा.

१२ जानेवारी, रविवार

भोगीची खरेदी. सकाळी सातपासून हरभऱ्याचे घाटे, वालाच्या शेंगा, गाजरे, बोरे आणि उसाच्या कांड्या यांचे ढीग, आणि त्यांच्या भोवती दीड मीटरसुद्धा मोकळी जागा नाही. २ मीटरचा बेत पहिल्या दहा मिनिटांत मोडला. गोळी खालून थोडी डावीकडे ढकलून १.५ वर आणली; एफ/८ ला या अंतराचा पट्टा सुमारे १.२ ते २.१ मीटर. कडे किती फिरवले हे बोटाला कळत होते, कारण १.५ आणि २ यांच्या मधले अंतर मी गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी दिवा मालवून फिरवून पाहिले आहे. दोन तासांत फक्त चार वेळा पट्टीकडे बघावे लागले आणि पडद्यावर चित्र मोठे करून एकदाही पाहिले नाही.

काही चित्रे अशी मिळाली जी ऑटोफोकसने मिळाली नसती. एका आजींनी वालाची शेंग तोडून नखाने दाणा बघितला, त्या वेळी त्यांच्या आणि माझ्या मध्ये उसाची मोळी डोक्यावर घेतलेला माणूस चालला होता. मोळीच्या दोन कांड्यांच्या फटीतून आजींचा चेहरा आणि बोटे स्पष्ट आली आहेत, ऊस पूर्ण धूसर. अशी फट कॅमेऱ्याला शोधून दाखवणे शक्य नाही. तिथे तो ऊसच पकडणार, आणि त्याचे चुकलेही नसते.

एकूण १२६ चित्रे. फोकस ठीक असलेली ९८.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीची सुटी. पट्टीची पुन्हा तपासणी केली, कारण त्या गर्दीत अडॅप्टरला दोनदा खांदे लागले होते. ३ मीटरला २.९, पूर्वीसारखेच, पण ५ मीटरला आता ५.३ वाचले आणि अनंताच्या टोकाला कडे नेले तरी गच्चीवरून गुरू किंचित फुगलेलाच दिसला. ३ वर तेच आणि ५ वर वेगळे हे सूत्रात बसत नाही, म्हणून अडॅप्टर खोलून पाहिला: एक स्क्रू पाव आटा सैल झाला होता, त्या बाजूला बैठक उचलली जात होती आणि वाचन लेन्सच्या वजनाने कधी खरे, कधी खोटे येत होते. स्क्रूंच्या आट्यांना नखाच्या पारदर्शक रंगाचा एकेक थेंब लावून चारही पुन्हा आवळले. माप २८.७९. ५ मीटरला ४.७. एम-सीलची गोळी मात्र मंडईतच कुठेतरी गळून पडली आहे. तिच्या जागी या वेळी खाचेत बसणारी थोडी लांबट गोळी लावली असून ती उद्या सकाळपर्यंत वाळेल.